कुलाचा पान्हा

सकाळच्या पहिल्या धारा काढून उलकान उठली तेव्हा तिचा उजवा गुडघा कटकन वाजला. ऐकणारं तिथं कुणी नव्हतं. सासरे दावणीच्या टोकाला उभे होते, पण त्यांना गुडघाच काय, डोंगरावर वीज पडली तरी ऐकू येत नसे. चमकली तर बघायचे आणि हसायचे.

"कुलानं आज किती दिलं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते सगळंच मोठ्यानं बोलत. समोरच्या डोंगरानं "दिलं" तेवढं परत पाठवलं.

उलकाननं चरवी तिरकी करून दाखवली. म्हाताऱ्याची मान समाधानानं हलली.

उन्हाळाभर या वरच्या कुरणावर नमद्याची, जाड दाबलेल्या लोकरीची, राहुटी टाकून दोघं राहत. दावणीला शिंगरं बांधलेली, घोड्या आसपास चरत असलेल्या. शिंगरू बांधलं की घोडी लांब जात नाही. थोड्या थोड्या वेळानं येते, शिंगराला हुंगते, पान्हा सोडते, आणि बाई एका गुडघ्यावर टेकून, दुसऱ्या गुडघ्यावर चरवी ठेवून धारा काढते. संध्याकाळी शिंगरं सोडायची. मग रात्रभर ती आणि त्यांच्या आया एकत्र हिंडतात. घोडीचं दूध दिवसा माणसाचं आणि रात्री शिंगराचं, असा तो जुना व्यवहार.

बहुतेक घोड्या होत्या सासऱ्यांच्या पुतण्याच्या, एसेनगुलच्या. तो शहरात इमारती बांधायचा. घोड्या त्याच्या, शिंगरं त्याची, दूध मात्र सांभाळणाऱ्याचं. नातेवाइकांत असं चालतं, आणि दोन्हीकडच्यांना आपण दुसऱ्यावर उपकार करतो असं वाटत राहतं, म्हणून टिकतंही. एकटी कुला तेवढी उलकानची. मातकट पिवळ्या अंगाची, पाठीवर काळी रेघ असलेली घोडी. उलकानचा नवरा गेला त्या वसंतात जन्मलेली. बाकीच्या घोड्या तिच्या मागून चालायच्या. ती पाण्यावर गेली की सगळ्या पाण्यावर.

त्या दुपारी एसेनगुलची गाडी धूळ उडवत आली. मागं दुसरी, तिच्यात कढया, गालिचे, बाजा, आणि लाल-पिवळ्या कागदात गुंडाळलेली मोठमोठी खोकी. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या ऐंशीचा सोहळा होता.

"हे काय, बाइके?" उलकाननं विचारलं. दिराचं, जेठाचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून 'बाइके', म्हणजे दादा. नवरा गेला तरी नियम गेला नव्हता.

"आबांना गाणं ऐकू येत नाही. भाषणं ऐकू येत नाहीत. मग सोहळा कशाचा करायचा, सांग बरं?" एसेनगुल खोक्यावर थाप मारत म्हणाला. "डोळे आहेत ना धडधाकट? डोळ्यांचा सोहळा करू! शहरात नव्या वर्षाला उडवतात ना, तसली आतषबाजी. माझ्या आबांसाठी."

तो खरंच मनापासून बोलत होता. लहानपणी याच म्हाताऱ्यानं त्याला खोगिरावर पुढं बसवून हिंडवलं होतं.

"पण घोड्या, बाइके..."

"घोड्या झोपल्यावर उडवू."

"घोड्या रात्री झोपत नाहीत. चरतात."

"मग चरता चरता बघतील! त्यांना तरी कुठं काय बघायला मिळतं इथं?" तो हसला, ड्रायव्हर हसला, आणि उलकान चरवी घेऊन आत गेली.

रात्री तिनं सासऱ्यांना समजावून पाहिलं. दोघांची एक हातांची भाषा होती. दूध, पाणी, मेंढरं, पाऊस, कोण आलं, कोण मेलं, एवढं तिच्यात मावायचं. तिनं खोक्यांकडे बोट केलं, मुठी वर नेऊन उघडल्या.

"माहीत आहे मला," म्हातारा खूश होऊन म्हणाला. "आकाशातली फुलं. टीव्हीवर पाहिलीत. लाल, हिरवी. हळूच उमलतात."

तो टीव्ही गावातल्या घरी होता, आणि तो विकत आला तेव्हा म्हाताऱ्याचे कान आधीच गेलेले होते. उलकाननं दोन्ही हात कानांवर दाबून डोळे मिटून घेतले.

"माझे कान?" ते म्हणाले. "गेले ते गेले, पोरी. त्याचं आता काय मनाला लावून घेतेस?"

तिनं बाहेर अंधाराकडे, घोड्यांकडे हात केला. मग टेकडीपलीकडे, जिथं बात्माची राहुटी होती. तिकडं नेऊ का?

आता म्हातारा गंभीर झाला. "पाहुणे येणार आणि माझ्या घोड्या शेजारणीकडे? लोक म्हणतील, या कासिमालीकडे काही उरलं नाही, सोहळा पुतण्याच्या जिवावर. नाही. घोड्या इथंच दिसल्या पाहिजेत." मग मन मोठं करून म्हणाला, "गाड्या येतील, दिवे लागतील, थोडं बुजायचं काम आहे खरं. असं कर. कुलाला पायबंद घाल. कुला जागेवर, तर सगळ्या जागेवर. आणि उद्या रात्री शिंगरं सोडू नको. दावणीलाच राहू दे. लेकरू बांधलेलं असलं की आई कुठं जाते?"

साठ वर्षं जनावरं राखलेल्या माणसाचं बोलणं होतं. त्यात चूक काढता आली नसती. फक्त ज्या गोष्टीवर ते उभं होतं तीच त्यांना ठाऊक नव्हती. उलकान कच्च्या चामड्याचा पायबंद चरबी लावून मऊ करत बसली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनंच तो कुलाच्या पुढच्या पायांत घातला. कुलानं तिच्या रुमालाचं टोक ओठांनी धरून ओढलं. ती अशी चेष्टा करायची.

सोहळा मोठा झाला. मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं म्हाताऱ्यासमोर आलं; मखमली चोगा आणि उंच पांढरी टोपी चढली. लोक एकेक करून पुढं येत आणि त्यांच्या कानात ओरडून शुभेच्छा देत, आणि ते प्रत्येकाला "तुलाही, तुलाही" म्हणत. उलकान हातांवर पाणी घालत, चहा देत फिरत होती. शहरातल्या एका बाईनं तिला मदतनीस समजून कोट सांभाळायला दिला. तिनं तो सांभाळला.

"सुनेला बसा म्हणायची पद्धत शहरात बंद झाली वाटतं," शेजारची बात्मा तिच्या कानाशी लागली. बात्मा तिच्याहून लहान, म्हणून तिला 'एजे', थोरली बहीण, म्हणायची; पण तोंडानं मोठी. "एजे, निदान त्या कोटाच्या खिशात बघ, काही गोडधोड आहे का."

"गप गं."

"मी गप्पच आहे. माझी मेंढरं वाडग्यात कोंडलेली आहेत, कुत्रा इथं आणून बांधलाय, नवरा इथं फुकटचं पितोय. माझं काय चुकीचं चाललंय?"

उजेड पुरता गेला तसा ड्रायव्हर खोकी घेऊन ओढ्याकडे गेला. सगळे बाहेर आले. म्हाताऱ्यासाठी गालिचा टाकला, पाठीला उशा दिल्या.

पहिला बार उडाला तो उलकानच्या छातीत. नंतर तो समोरच्या डोंगरावर आपटला, तिथून मागच्या कड्यावर, आणि परत येईपर्यंत दुसरा सुटला. मैदानातल्या माणसांनी मैदानासाठी बनवलेली वस्तू होती ती. इथं खोऱ्याला भिंती होत्या. एकेक आवाज आत सापडल्यासारखा इकडून तिकडं धडका देत राहिला. वर लाल झाड उगवलं, त्यातून हिरवं फुटलं, त्यातून सोनेरी पाणी गळायला लागलं. लोक "ओऽऽ" म्हणाले. बात्माचा कुत्रा दोर तोडून, शेपूट पोटाशी घेऊन माणसांच्या पायांतून पळाला. टेकडीपलीकडून मेंढरांचा आवाज आला. बेंबाटणं नव्हे, सगळी एकावर एक चढताना येतो तो गुदमरलेला आवाज.

"माझं वाडगं!" बात्मा ओरडून धावत सुटली.

उलकाननं हातातला कोट टाकला आणि ती दावणीकडे पळाली. शिंगरं हवेत उडत होती. गळ्याला दोर, त्यामुळे वर जायची आणि खाली आपटायची. घोड्यांचा कळप उजेडाच्या एका लाटेत दिसला, सगळ्यांच्या माना वर, डोळ्यांचा पांढरा भाग चमकत. पुढच्या लाटेत ती जागा मोकळी होती. तिनं कुलाच्या शिंगराला दोन्ही हातांनी कवळून जमिनीवर दाबून धरलं. त्याचं काळीज तिच्या हाताखाली असं चाललं होतं की ते फाटेल म्हणून तिला भीती वाटली. वरून जळका, गंधकाचा धूर उतरला आणि दोघांच्या अंगावर बसला.

आणि मग, दोन बारांच्या मधल्या फटीत, तिला ऐकू आलं. बाकीच्या खुरांचा सरसर आवाज दूर गेलेला होता. मागं एकच आवाज राहिला होता. दोन पाय एकदम उचलून एकदम आपटल्याचा. थाड. थाड. थाड. वर, कड्याच्या बाजूला. सगळ्या घोड्यांच्या पुढं चालणारी कुला सगळ्यांच्या मागं राहिली होती.

"कुला! ए कुलाऽऽ!" तिची हाक पुढच्या बारानं खाऊन टाकली.

शेवटी आकाश एकदम पांढरं झालं आणि संपलं. टाळ्या पडल्या. ती उठली तेव्हा सासरे तिला शोधत आले होते. टोपी कुठंतरी पडली होती. गाल ओले होते.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "सूनबाई, पाहिलंस का गं? माझ्यासाठी!"

धुरात, मागच्या मोटारींच्या उजेडात, त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. मुलगा गेल्यापासून ते तोंड तिनं असं पाहिलं नव्हतं. तिनं मान हलवली. पाहिलं.

उजाडताना घोड्या परत आल्या. एकेक, लांबून, घामाचं मीठ अंगावर सुकलेलं, कासा दगडासारख्या. आपापल्या शिंगरापाशी येऊन उभ्या राहिल्या. कुलाचं शिंगरू प्रत्येकीकडे मान ताणत होतं. एकीनं त्याला लाथ घातली, दुसरीनं दात दाखवले. उलकाननं गाईच्या दुधात पाणी आणि साखर घालून बाटलीनं पाजायचा प्रयत्न केला. त्यानं दोन घोट घेतले, बाकीचं नाकातून काढलं. संध्याकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. आई आज सापडली नाही तर उद्या ते उभं राहणार नाही, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं.

बात्मा आली. डोळे सुजलेले. "एक मेंढी चेंगरून मेली, एजे. तळाशी होती. आणि कुत्रा खाटेखाली गेलाय तो बाहेर येत नाही. तिथंच मुततोय. नवरा म्हणतो, तू रागावलीस की मी पण तिथंच झोपतो. तुझ्याकडं?"

"कुला नाही."

बात्माची मस्करी थांबली. "पायबंद होता ना तिला?"

"होता."

तेवढ्यात सासरे आले. रिकामी जागा त्यांनी एका नजरेत पाहिली. "कुला कुठं आहे? काय झालं? लांडगा?"

उलकानचा हात वर झाला होता. पण एसेनगुल तिच्या आधी पुढं आला. रात्रीचं जागरण त्याच्या डोळ्यांत होतं, आणि त्याखाली ओशाळलेपण. "हो, आबा, लांडगा," तो कानाशी ओरडला, आणि बोटांचे दोन कान करून, दात विचकून दाखवले. "लांडगा!" आजूबाजूचे पाहुणेही माना हलवायला लागले. मग उलकानकडे न बघता तो हळू म्हणाला, "काल किती खूश होते गं. कशाला आता..."

म्हाताऱ्यानं मांडीवर हात मारला. "लांडगा कुरणावर आणि मी तिचे पाय बांधले! मी! साठ वर्षं हेच केलं का मी?" त्यांनी अंगावरचा मखमली चोगा काढला आणि गालिच्यावर ठेवला. घडी घालून, जसा कुणाचा परत द्यायचा असावा. "खोगीर घाल, पोरी."

त्या क्षणी तिला सांगता आलं असतं. मुठी, कान, आकाश. पण रात्रीचं ते ओलं तोंड तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि आताचं हे. दोन्हींत कुठलं कमी दुखेल याचा हिशेब तिला जमला नाही. तिनं खोगीर घातलं.

म्हातारा आपल्या तांबड्या घोड्यावर खालच्या झाडीकडे गेला, ती कड्याच्या वाटेला. गवतात माग सापडायला वेळ लागला नाही. चार खुरांचा माग वेगळा आणि हा वेगळा. पुढचे दोन खूर शेजारी शेजारी, खोल रुतलेले, मग मोठी मोकळी जागा, मग पुन्हा दोन. ओढ्याच्या काठावर माती ढासळली होती, तिथं ती पडली होती. पलीकडच्या दगडांवर रक्त पुसलं गेलं होतं. त्यापुढं माग सरळ वर गेला होता, जिथं घोडी कधी जात नाही तिथं, नुसत्या सरकत्या दगडांच्या उतारावर. बांधलेल्या पायांनी ती एवढं चढली होती.

वाटेत एरवी शिट्ट्या मारणारे जमिनीतले मार्मोट आज बिळाबाहेर नव्हते. वारा होता, तिचा घोडा धापा टाकत होता, बाकी काही नाही. ती हाक मारत गेली. पहिल्यांदा नावानं, मग दूध काढताना करतात तशी जिभेची टकटक, मग काहीबाही. "अगं बाई, कुठं जाऊन बसलीस. तुझं पोर उपाशी आहे. माझा गुडघा दुखतोय. तुला माझी दया नाही का?" नऊ वर्षांत तिनं या घोडीशी जेवढं बोलून घेतलं होतं तेवढं कुणाशीच नाही.

जुन्या बर्फाच्या पट्ट्याखाली कुला उभी होती. मान खाली, कान मागं. अंगाला थरथर लागलेली, थंडीनं लागत नाही तसली, थांबून थांबून येणारी. चामड्यानं दोन्ही पायांचं मांस कापून आत जागा केली होती. उलकान तिच्याकडे पाठ करून बसली आणि नुसती बोलत राहिली. खूप वेळानं रुमालाजवळ गरम श्वास आला. मग तिनं सुरी काढून पायबंद कापला. चामडं जखमेतून सोडवताना घोडीनं हाड फुटावं तसा आवाज काढला, पण पाय उचलला नाही.

म्होरकी घालून ती तिला हळूहळू खाली आणत असताना डोंगराच्या धारेवर सासरे भेटले. ते उतरले. कुलाच्या मांड्या, मान, कास, पोटाखाली, सगळीकडून त्यांनी हात फिरवला. एकदा, आणि पुन्हा.

"दात कुठं लागलेला नाही," ते म्हणाले. "लांडगा मागच्या पायाला धरतो. निदान ओरखडा हवा." ते घोडीच्या डोळ्यांत बघत राहिले. "लांडगा पाहिलेली घोडी माणसाला चिकटते. ही माझ्याकडंच अशी का बघते?"

उलकाननं दोर ओढून कुलाला पुढं चालवलं.

धारेखाली तळ दिसत होता. दावण, राहुटी, सामान भरत असलेल्या गाड्या. दुपारचं ऊन लखलखीत होतं. कुला पहिल्या वळणापर्यंत आली. मग तिनं नाक वर केलं, धुराचा वास घेतला आणि पाय रोवले. उलकान तिला चुचकारत होती. तेवढ्यात खाली ड्रायव्हर ओढ्याकडे गेला. दोन खोकी उरली होती आणि ती परत न्यायला गाडीत जागा नव्हती, असं नंतर कळलं. त्यानं ती पेटवली.

म्हाताऱ्यानं पाहिलं ते असं. खाली एक माणूस वाकला आणि मागं पळाला. स्वच्छ आकाशात कापसाच्या बोंडाएवढा धूर आला. ना लाल, ना हिरवं. उन्हात काहीच उमललं नाही. आणि त्याच क्षणी दावणीची सगळी शिंगरं एकदम हवेत गेली, घोड्या फुटून चारी दिशांना पळाल्या, ओढ्यावरचे पक्षी उठले, त्यांनी लगामानं धरलेला तांबडा घोडा, ज्यानं वीस हिवाळे त्यांना कधी पाडलं नव्हतं, खाली बसल्यासारखा खचला. कुला दोन पायांवर उभी राहिली. दोर उलकानच्या तळहातांतून सालं काढत निघून गेला आणि ती त्या फाटक्या पायांनी पुन्हा वर, बर्फाकडे गेली. धुराचा दुसरा कापूस आला. पुन्हा सगळं तसंच. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचेही खांदे कानांपर्यंत वर गेले होते.

ते आकाशाकडे बघत राहिले, बराच वेळ, तिथं काही राहून गेलं असेल म्हणून.

"ह्याला आवाज असतो?" ते म्हणाले.

तिनं मान हलवली.

"काल पण होता?"

होता.

"किती?"

त्यांच्या हातांच्या भाषेत त्याला काही नव्हतं. तिनं त्यांचा हात धरला आणि तांबड्याच्या पुढच्या पायामागं, फासळ्यांवर ठेवला. तिच्या तळहाताचं रक्त त्यांच्या मनगटाला लागलं. आत काळीज धडधडत होतं. त्यांनी हात काढला नाही. घोडा शांत होईपर्यंत तिथंच ठेवला.

खाली आल्यावर एसेनगुल सामोरा आला. ड्रायव्हरला आधीच शिव्या घालून झाल्या होत्या. ड्रायव्हर गाडीच्या मागं उभा होता. "आबा, ती घोडी आता कामाची राहिली नाही," एसेनगुल ओरडून आणि हातवारे करून सांगायला लागला. "डोक्यात गेलंय तिच्या. पुन्हा या दावणीला उभी राहायची नाही. थंडीसाठी मटणाला कापा, आणि तिच्या बदली माझ्यातल्या दोन घ्या, उलकानच्या नावावर. चांगल्या निवडून घ्या. उलकान, सांग ना त्यांना नीट!"

उलकाननं सांगितलं नाही. म्हाताऱ्याला कळलं असावं. मटणाची खूण सोपी असते.

"एसेनगुल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "तू माझ्यासाठी एवढं केलंस. मला आवडलं. खोटं नाही सांगत, फार आवडलं. तेच वाईट झालं." "पण लांडगा कशाला म्हणालास? त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं?"

एसेनगुलनं टोपी हातात धरली, आणि मग कुलाच्या शिंगराला स्वतः उचलून तांबड्याच्या खोगिरावर आडवं ठेवलं. शहरी कोटाला शेण लागलं ते त्यानं झटकलं नाही.

"जा," बात्मा म्हणाली. "धारा मी काढते. तुझ्या घोड्या मला लाथा घालतील, नवऱ्याला बरं वाटेल. एजे, वर घोंगडं ने. बर्फाजवळ आहे ती."

ऊन कलताना ती दोघं पुन्हा बर्फाच्या पट्ट्याखाली पोचली. कुला तिथंच होती. शिंगराला खाली ठेवलं. त्याचे पाय चार दिशांना गेले, मग जुळले, आणि ते बारीक आवाज काढत आईकडे निघालं. कुला पुढं आली. नाक त्याच्या पाठीला लावलं. आणि कान मागं पाडून तिनं त्याला दातांनी उडवून लावलं.

दावणीवरचा सगळा धूर त्याच्या केसांत बसला होता. ते तिचं पोर राहिलं नव्हतं. ते कालची रात्र झालं होतं.

पुन्हा गेलं. पुन्हा चावली. तिसऱ्या वेळी ते गेलंच नाही, नुसतं बसलं.

उलकान घोडीच्या अंगाला टेकून गुडघ्यावर बसली. कास तापलेली, ताठ. सालं गेलेल्या हातांनी तिनं ओढलं. कुलानं पाय झाडला, चरवी दगडांवरून खडखडत गेली. दोन-चार थेंब तळहातावर आले ते, पोराला आईचा वास लागावा म्हणून, तिनं शिंगराच्या पाठीला, कपाळाला, शेपटीखाली चोळले. पुन्हा ओढलं. पान्हा वर चढून बसला होता. थेंबापलीकडे काही येईना. कुला हुंगायची, थोडी थांबायची, आणि तोंड फिरवायची. असं अंधारू लागेपर्यंत चाललं. उलकाननं कपाळ घोडीच्या कुशीला टेकवलं.

मागून आवाज आला तेव्हा आधी तिला कळलंच नाही कशाचा. सासरे दगडावर बसले होते, डोळे मिटून. ते गात होते. पिल्लाला न घेणाऱ्या मेंढीपुढं म्हाताऱ्या बायका म्हणतात ते गाणं. शब्द त्यात फारसे नसतातच. एक लांब ओढ, मग खाली येणं, मग पुन्हा ओढ. त्यांच्या आईचं असावं. कान गेल्यापासून त्यांनी गायलेलं उलकाननं ऐकलं नव्हतं. सूर जागेवर नव्हता. वर जायचं तिथं खाली जात होता, मधेच घोगरा होऊन तुटत होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

कुलाचा एक कान पुढं आला.

मग दुसरा अर्धा वळला, आणि तिथंच राहिला. अंगातली थरथर लांब लांब अंतरानं यायला लागली. उलकाननं शिंगराला मागून हळू ढकललं. कुलानं हुंगलं. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. नुसती दुसरीकडे बघत उभी राहिली, जसं काही तिच्याशी संबंधच नाही. उलकानच्या बोटांखाली कास एकदम सैल झाली. शिंगरानं तोंड लावलं. दूध ओठांच्या कडेनं सांडलं, आणि त्याचा गळा हलायला लागला.

ती बाजूला सरकून बसली. घोंगडं सासऱ्यांच्या पाठीवर टाकलं, अगदी हळू, की त्यांनी डोळे उघडू नयेत.

शिंगरू पोटभर प्यालं. मग आईच्या पायांशी, दगडांत, आडवं झालं आणि झोपलं. कुलाही मान खाली सोडून, मागचा एक पाय सैल ठेवून उभी राहिली. खाली तळावर दिवा लागला, गाड्यांचे दिवे खिंडीकडे निघून गेले. म्हातारा गातच होता. थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नाही.